समोरच्या दारातली फुंकर

वीज गेली म्हणून मी वेळेआधी घरी आले. नाहीतर ते माझ्या नजरेला पडलंच नसतं आणि पुढचं रामायणही घडलं नसतं.

तेव्हा भिवंडीत भारनियमन जोरात होतं. दिवसा कधीही वीज जायची आणि कापड विणणारे सगळे लूम एकदम गप्प व्हायचे. कामतघरला आमच्या चाळीच्या चारी बाजूंना कारखाने होते. लग्न होऊन आले तेव्हा त्या खटखटीने माझं डोकं उठायचं, आणि आता ती थांबली की छातीत धस्स व्हायचं. मी त्यातल्याच एका कारखान्यात कांडी भरायला जायचे. लूमच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर मशीनने सूत गुंडाळायचं, ते काम बायकांचं. वीज गेली की मशीन बंद आणि बायकांचं तोंड चालू. त्या दिवशी मात्र वीज संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणून शेठने आम्हाला घालवून दिलं. मला आनंदच झाला. पोरीला जरा लवकर जवळ घेता येईल, एवढाच विचार करत मी आले.

माझी पोर तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. दिवसभर ती समोरच्या भाभीकडे असायची. आमची आणि भाभीची खोली समोरासमोर, मधे अरुंद गल्ली. भाभीच्या दाराला नेहमी पडदा असायचा, तो त्या दिवशी अर्धा सरकलेला होता. भाभी खाली बसली होती, पोर तिच्या मांडीवर. पोरीचे दोन्ही गाल तिने हातांत धरले होते. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ भरभर हलत होते आणि आवाज अजिबात नव्हता. मग तिने डोळे उघडले आणि पोरीच्या तोंडावर फुंकलं. परत फुंकलं. परत एकदा. पोर शहाण्यासारखी तोंड वर करून बसली होती. ती रडली नाही, हलली नाही, दचकलीसुद्धा नाही. म्हणजे हे तिला रोजचं होतं.

मी हाक मारली, पोरीला उचललं, काहीतरी हसले आणि घरात येऊन कडी लावली. तिचं तोंड पदराने पुसलं. पुसून काय होणार होतं, पण पुसलं.

भाभीला तिथल्या तिथे विचारायला काय झालं होतं, असं आज कुणीही म्हणेल. पण विचारू काय? "तू माझ्या पोरीवर काय फुंकतेस?" हे मराठीत विचारलं तरी भांडण, आणि मला तर ते हिंदीत विचारायचं होतं. माझं हिंदी भाजी घ्यायला आणि नळावर भांडायला पुरेसं होतं. मधलं काही त्यात नव्हतं.

माझं माहेर पडघ्याच्या आत, शेताभातातलं. आमच्या गावात कुणाच्या घरात काय शिजलं ते वासावरून सगळ्यांना कळायचं आणि कोण कुणावर रागावलंय ते चालण्यावरून. समोरून माणूस आला आणि 'जेवलीस का' न विचारता गेला, तर समजायचं की काहीतरी बिनसलंय. अशा गावातून मी कामतघरला आले, तर चाळीत निम्म्या घरांची बोलीच मला कळेना. भाभी आणि तिचा नवरा उत्तर प्रदेशातले, मुसलमान. तो लूमवर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. उंच, दाढीवाला, आणि मला कधी एका शब्दाने बोलायचा नाही. गल्लीत समोरासमोर आलो की मान खाली घालून भिंतीला चिकटून जायचा. मला वाटायचं, हा आमचा दुस्वास करतो. आमच्या गावात असं फक्त बांधावरून कोर्टात गेलेली माणसं करायची.

आणि भिवंडी ती भिवंडी. जुन्या दंगलींच्या गोष्टी मोठ्या माणसांच्या तोंडी असायच्याच. कुठे दोन रिक्षावाल्यांचं वाजलं तरी दुकानांची शटरं अर्धी खाली यायची. मी सासरी निघाले तेव्हा आईने मला कानात सांगितलं होतं, "कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. आपलं दार आपण लावून घ्यायचं." मी ते पाळलंही. पण सासूबाई धाकट्या नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिकडेच अडकल्या, आणि माझ्यापुढे प्रश्न आला की पोरीला ठेवू कुठे? माझा नवरा वडप्याच्या गोडावनात कामाला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. एकाच्या पगारात घर चालत नव्हतं. एका सकाळी मी पोरीला कडेवर घेऊन दारात रडवेली उभी होते, तेव्हा समोरचा पडदा हलला. भाभी बाहेर आली, न बोलता हात पुढे केले आणि पोर तिच्याकडे झेपावली. पोरांना काय, कुणीही हात पुढे केला की जातात.

मी डबा भरून द्यायचे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "भाभी, इसको यही खिलाना. दुसरा कुछ नहीं." ती "हाँ ताई" म्हणाली, पण तिचं तोंड उतरलं. मला ते दिसलं. तिच्याकडे काय शिजतं याची भीती होती म्हणून मी बोलले, आणि बोलल्यावर तिला लागलं असेल याची भीती वाटली. त्या घराशी माझा व्यवहार हा असा होता. एका भीतीतून पाय काढला की दुसरीत पडायचा.

पोर घरी यायची ती अत्तराच्या वासाची, कधी डोळ्यांत सुरमा घातलेली. आम्ही काजळ घालतो, ते सुरमा घालतात, त्यात काय एवढं, असं मी मनाला समजवायचे. तरी संध्याकाळी तिला घेतलं की तिथेच दारात वरपासून खालपर्यंत बघायचे, आणि रात्री तिचे डोळे ओल्या फडक्याने पुसायचे. मग ही फुंकर दिसली.

त्याच आठवड्यात पोर किरकिर करायला लागली. जेवेना, झोपेत दचकून उठायची. उन्हाळ्याचे दिवस होते, दाढा येत होत्या, पत्र्याखाली आम्हीच भाजून निघत होतो. हे सगळं मला माहीत होतं. पण एकदा मनात शंका शिरली की माणूस दाढा मोजत नाही. आणि नेमकी माझी आई वालाच्या शेंगा आणि तांदूळ घेऊन माहेराहून आली. तिने नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पोरीचं हे काय झालंय? डोले बघ किती खोल गेलेत."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. आईने पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि उठून दार लोटलं. आमची आई बोलण्याआधी दार लोटते तेव्हा समजायचं, प्रकरण मोठं आहे.

"तोंडावर फुकलं? काय म्हनत व्हती ती?"

"ऐकू नाय आलं. ओठ हलत होते."

"ऐकू कसं येल? ऐकू येनारं असतं तर मोठ्यानंच म्हनली नसती का?"

हे मला इतकं पटलं की मी रडायलाच लागले.

त्या संध्याकाळी आईने पोरीची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन पोरीवरून ओवाळल्या. "आल्याची गेल्याची, शेजारनीपाजारनीची, आईची बापाची, आसल नसल ती दृष्ट जलून जावदे." शेजारणीपाजारणीवर आईने चांगला जोर दिला, आणि आईबापाची मात्र घाईघाईत उरकून टाकली. मग ते सगळं शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकलं. आमच्यात म्हणतात, मिरच्यांचा ठसका उठला तर दृष्ट नव्हती, आणि जळून खाक होऊनही वास आला नाही तर समजावं, मोठी दृष्ट होती. इथे असा ठसका उठला की आम्ही तिघी खोकून खोकून दारात आलो. पोरीच्या नाकाडोळ्यांतून पाणी.

"आई, ठसका आला," मी म्हटलं.

आई खोकत म्हणाली, "मिरच्या वल्या हायेत."

आता भर उन्हाळ्यात मिरच्या ओल्या कुठून असायच्या? पण आम्हा दोघींना दृष्ट हवी होती. ती असती तर निदान उपाय आमच्या हातात होता.

आई जाताना बजावून गेली की रोज दिवेलागणीला काढायची आणि जळलेलं तिवाट्यावर टाकायचं, मागे वळून बघायचं नाही. गावात तिवाटा म्हणजे गावाबाहेरची तीन वाटांची जागा. चाळीत तिवाटा कुठला? आमच्या गल्लीला नळाकडे जाणारा बोळ जिथे फुटत होता, तेवढाच एक होता. तो बरोब्बर भाभीच्या उंबऱ्यासमोर. मी तिथे टाकायचे. दिवेलागणीला भाभीचा पडदा ओढलेला असायचा. मागे वळून बघायचं नसतं, त्यामुळे पडद्याआडून कुणी बघतंय का तेही मी कधी पाहिलं नाही.

आणि सकाळी पोरीला त्याच दारात नेऊन द्यायचे. हे सगळ्यात वाईट होतं. जिची भीती वाटते तिच्याच हातात आपलं लेकरू रोज ठेवायचं, वर हसायचं, आणि दिवसभर कांडीच्या मशीनसमोर बसून सूत तुटेपर्यंत तिचे ते हलणारे ओठ आठवायचे. संध्याकाळी मी पोरीला दारातल्या उजेडात धरून आणखीच निरखून डोक्यापासून पायापर्यंत बघायचे. कुठे डाग, कुठे ओरखडा, गळ्यात नवा दोरा. काही सापडायचं नाही. सापडलं नाही की मला आणखी भीती वाटायची.

भाभीला दिवस गेले होते, हे त्या सुमाराला ओढणीतूनही कळायला लागलं. मी तिला एकदा पोटाकडे हात दाखवून हसून विचारलं. ती हसली नाही. ओढणी पोटावर घट्ट ओढून घेतली आणि आत गेली. मग तिचं वागणं बदललं. पोरीला घ्यायला ती उंबऱ्याबाहेर येईना. पडद्याच्या आतूनच हात पुढे करायची. दारावर हिरव्या कापडात शिवलेलं काहीतरी खिळ्याला टांगलं गेलं. नळावर पाणी भरायला निघाली की उंबऱ्यात थांबून खाली जमीन बघायची आणि तिवाट्याची जागा टाळून भिंतीच्या कडेने जायची. माझ्याकडे बघणं तिने सोडलं. हिच्या मनात काहीतरी आहे म्हणूनच ही डोळे चुकवते, असं मी धरून चालले.

एका सकाळी पडदा सरकला तो तिच्या नवऱ्याने. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, अब बच्ची को मत लाइए।"

"क्यूँ? क्या हुआ?"

"बस, मत लाइए।" आणि पडदा पडला.

मी पोरीला घेऊन घरात आले. हवं तेच झालं होतं की, पोर त्यांच्या हातून सुटली होती. पण मला सुटल्यासारखं वाटेना. त्यांनी असं का केलं असेल? आमच्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलं? रात्री माझा नवरा म्हणाला, "मी जातो, तोंडावर विचारतो." मी त्याचा हात धरला. "पाया पडते, जाव नको. दोन शब्द हिकडचे तिकडं झाले म्हंजे?" त्यालाही ते कळत होतं. गावात दोन दारांचं भांडण दोन दारांतच राहतं. इथे तसं राहील याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. तो बसला खाली आणि जेवला.

मी कामावर खाडे करायला लागले. पोर दारात बसून "बाबी, बाबी" म्हणून हाका मारायची. एकदा माझी नजर चुकवून ती गल्ली ओलांडून गेली आणि त्या पडद्यावर हात मारत राहिली. आत कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, पण पडदा उघडला नाही. मी पोरीला ओढत आणलं. त्या संध्याकाळी मिरच्या दुप्पट घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीचा नवरा आमच्या दारासमोर येऊन उभा राहिला. उंबऱ्यापासून चार हात लांब. पोरीला मी पाठीमागे ढकललं. माझा नवरा वडप्याला, गल्लीत चिटपाखरू नाही. मी कडीवर हात ठेवला. त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. त्याने वाकून ती आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि उघडली. आत जळक्या मिरच्यांची देठं होती, काळ्या पडलेल्या मोहऱ्या, मीठ.

"ताई," तो म्हणाला, "हमसे कोई गलती हुई हो तो माफ़ कर दो। इसके पहले भी पेट में नहीं ठहरा, दो बार। अब सातवाँ लगा है। वो रात भर सोती नहीं। ये बंद कर दो, हाथ जोड़ता हूँ।"

त्याने खरंच हात जोडले आणि एक पाऊल मागे सरकला. एवढा उंच माणूस, ज्याची पावलं ऐकून मी कडी लावायचे, तो मला घाबरत होता. मला कुणी घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. आणि खोटं कशाला बोलू, ते बघून मला हायसं वाटलं नाही. मी जास्तच घाबरले.

मला सांगायचं होतं की हे तुमच्यासाठी नव्हतं. पोरीची दृष्ट काढत होते. पण तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य मला दिसलं. दृष्ट कुणाची, असं त्याने विचारलं तर? तुझ्या बायकोची, हेच उत्तर होतं. ते मी कोणत्या तोंडाने देणार होते? "वो... मेरी बच्ची..." एवढं म्हणून मी थांबले. तो वाट बघत राहिला. मग त्याने मान हलवली आणि गेला. मी गप्प राहिले म्हणजे मी कबूल केलं, असंच त्याला वाटलं असणार.

त्या दिवसापासून मिरच्या बंद केल्या. तिवाट्याची जागा मी स्वतः धुऊन काढली. पण आता नवी भीती माझ्या उशाला बसली. तिच्या पोटाला काही झालं तर ते माझ्यावर येणार होतं. त्यांच्या लेखी मी चेटकीण होते. पहिल्यांदाही राहिलं नव्हतं, दुसऱ्यांदाही राहिलं नव्हतं, तिसऱ्यांदा समोरच्या बाईने उंबऱ्यावर उतारा टाकला, मग काय होणार? हे तिच्या नात्यातल्या माणसांना कळलं तर? कारखान्यात, मोहल्ल्यात? मी देवाला नवस बोलले. माझ्या लेकीसाठी जे मागितलं नव्हतं ते त्या पडद्याआडच्या पोटासाठी मागितलं. कणव किती आणि स्वतःच्या जिवाची काळजी किती, ते मी तेव्हाही वेगळं करू शकले नाही.

शुक्रवारी भिवंडीत लूमला सुट्टी. दुपारी बापये नमाजाला जातात. अशाच एका शुक्रवारी ऐन दुपारी माझं दार कुणीतरी दोन्ही हातांनी बडवलं. मी फटीतून बघितलं तर भाभी. बुरखा अर्धवट अंगात, एका हाताने चौकट धरलेली, खाली सलवार ओली. शेजारची दारं बंद, कोण सुट्टीला गावी गेलेलं, कोण झोपलेलं. माझ्याच दारात यायचं तिच्या किती जिवावर आलं असेल, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"ताई," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना.

दार उघडताना माझ्या मनात काय होतं तेही सांगते. आता ही माझ्या हातात मरणार, असंच माझ्या मनात होतं. तरी उघडलं. पोरीला कडेवर घेतलं, भाभीला दंडाला धरलं आणि नाक्यावर रिक्षा थांबवली.

सरकारी दवाखाना लांब नव्हता, पण भिवंडीचे रस्ते तेव्हा कसे होते ते भिवंडीकरांनाच विचारा. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती. पुढे लूमवर चढवायचे सुताचे बीम भरलेला टेम्पो आडवा लागला आणि रिक्षा थांबली. रिक्षावाला खाली उतरून ओरडायला लागला. आत आम्ही तिघी. कपाळभर कुंकू लावलेली मी आणि बुरख्यात कण्हणारी ती. बाहेरची माणसं वाकून बघत होती. मी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

भाभीचे ओठ हलत होते. तेच ते ओठ. पण आता कळ आली की ते मधेच तुटायचे. परत सुरू करायची, परत तुटायचे. तिला पुरं करता येत नव्हतं. तिने माझं मनगट धरलं आणि डोळे फाडून माझ्याकडे बघितलं. "दुआ नहीं पढ़ी जा रही, ताई. फूँका नहीं जा रहा।" रडत होती ती. कळांपेक्षाही तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

मला तिचं काय येत होतं? मला आमची गावदेवी येत होती, शुभं करोति येत होतं. मी माझं म्हटलं तर ही घाबरेल का, आधीच माझ्या मिरच्यांनी घाबरलेली? मी नुसती बसून राहिले.

माझ्या मांडीवरची पोर मात्र उठली. गुडघ्यावर उभी राहिली आणि तिने भाभीचे दोन्ही गाल हातांत धरले. डोळे मिटले. ओठ भरभर हलवले, शब्द नाही, काही नाही, नुसते ओठ. मग डोळे उघडून तिने भाभीच्या तोंडावर फुंकलं. परत फुंकलं. परत एकदा. थुंकीचे शिंतोडे उडाले. आणि शिकवलेलं नीट झालं की नाही ते बघायला ती भाभीकडे बघून हसली.

भाभी हुंदका देऊन रडली. मी पण. मग मी पुढे वाकले आणि काहीही न म्हणता तिच्या कपाळावर फुंकर घातली. पोर पडून ढोपर फुटलं की घालतो, तशी. टेम्पो बाजूला झाला तोवर आम्ही दोघी मायलेकी आळीपाळीने तिला फुंकत होतो.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी बाकावर बसले. खरी भीती तिथे होती. आत काय चाललंय ते कळेना. नमाजाहून परतताना नाक्यावर कुणीतरी सांगितलं, तसा तिचा नवरा धावत आला. मी उठून उभी राहिले. तो एका टोकाला उभा आणि मी दुसऱ्या, मधे माझी पोर फरशीवर चपला ओढत फिरत होती. त्या बाकावर मी किती मेले ते माझं मला माहीत. मग नर्सबाई दारात आली आणि म्हणाली, मुलगा झालाय, लहान आहे, पण दोघं ठीक आहेत. तो भिंतीला टेकून खाली बसला. मला पदर तोंडात कोंबावा लागला.

त्यानंतर चाळीस दिवस भाभीचा पडदा बंदच होता. त्यांच्यात बाळंतीण तितके दिवस बाहेर पडत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं की आता कधीच उघडणार नाही. बाळ आत रडायचं आणि तो आवाज ऐकून मी सकाळचा चहा टाकायचे.

मग एका सकाळी ती आली. तिवाटा टाळून नाही, सरळ त्यावरून. बाळ माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्यात बसली. माझी लेक तिच्या गळ्यात पडली. मी बाळाकडे बघत होते. एवढंसं नाक, वळलेल्या मुठी.

"ताई," ती हळूच म्हणाली, "वो मिर्ची... किसकी नज़र उतारती थीं आप?"

हाच तो प्रश्न. तिचं लेकरू माझ्या हातात होतं, त्यामुळे खोटं बोलवेना. "तुम्हारी," मी म्हटलं. "तुम मेरी बच्ची पे फूँकती थी. मैंने देखा. मेरेको डर लगा."

ती लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मला वाटलं आता उठेल आणि बाळ घेऊन जाईल.

"मैं आपकी उतारती थी," ती म्हणाली. "माँ की नज़र सबसे पहले लगती है ना। शाम को आप आके उसको कैसे देखती थीं। ऊपर से नीचे तक। मुझे बहुत डर लगता था, ताई।"

आमच्यातही तेच म्हणतात. आईची, बापाची. माझी आई ते घाईघाईत उरकून टाकायची.

बाळाने तेव्हा डोळे उघडले. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते, हे माझ्या लक्षात आलं. मी मान खाली घातली, तिचा नवरा गल्लीत घालायचा तशी, आणि बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं.